एका पार्टची चार नावे

एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे व्यवसायाचा नकाशा. व्यवसाय कोणती कामे करतो, ती कोण करतो, त्यासाठी कोणती माहिती लागते, ती कोणत्या वहीत किंवा संगणकात असते आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी जाते, हे सगळे त्यात एकत्र मांडलेले असते. ही कल्पना मोठ्या कंपन्यांतून आली. आयबीएममधील जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये कंपनीच्या नियतकालिकात तिची मांडणी केली. घर एकच असले तरी मालक, वास्तुविशारद आणि बांधकाम करणारा यांना त्याची वेगवेगळी चित्रे लागतात. माहितीच्या यंत्रणांचेही तसेच आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्या लेखात काय, कसे आणि कुठे या तीन प्रश्नांचा विस्तार होता. कोण, कधी आणि का यांचा विस्तार १९९२ च्या लेखात झाला. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका चौकटीवरून 'टोगॅफ' ही चौकट तयार झाली आणि या विषयाला प्रमाणपत्रे, परीक्षा आणि जाडजूड ग्रंथ लाभले.

लघुउद्योगाला हे सगळे अवजड वाटते, आणि मूळ स्वरूपात ते अवजड आहेच. टोगॅफची कार्यपद्धती प्राथमिक तयारीनंतर 'ए'पासून 'एच'पर्यंत आठ टप्प्यांतून जाते. चाळीस माणसांच्या कारखान्यात ते सगळे पाळायला बसले, तर पाडव्याला सुरू केलेला पहिला टप्पा दिवाळीपर्यंत पुरेल. पण धंदा वाढू लागला की तो नेमका कुठे अडतो, हे दाखवणारे दुसरे साधनही छोट्या मालकाच्या हाताशी नसते. हिशेब फक्त अडले एवढेच सांगतो, आणि तेही वर्ष संपल्यावर.

पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, आणि बजाज ऑटो यांच्या आसऱ्याने सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने उभे राहिले. त्यांतल्या अनेकांची जन्मकथा एकच आहे. मोठ्या कंपनीत टर्नर किंवा सुपरवायझर म्हणून दहा-पंधरा वर्षे काढलेला माणूस नोकरी सोडतो, भोसरीच्या एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतो, एक जुनी लेथ बसवतो आणि जुन्या साहेबांच्या ओळखीवर पहिले काम मिळवतो. ज्या कारखान्याचा अनुभव येथे मांडला आहे, तोही याच वळणाचा. दोन जुन्या लेथपासून सुरुवात होऊन तेथे सीएनसी आणि व्हीएमसी मशिने आली, दोन शिफ्ट सुरू झाल्या, माणसे चाळीसच्या घरात गेली. उलाढाल पाच कोटींच्या वर गेल्यावर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसही लागू झाला. ऑर्डर येत होत्या, मशिने चालत होती. फक्त महिनाअखेरीस हातात पैसा उरत नव्हता आणि ग्राहकाकडून डिलिव्हरीबद्दल रोज फोन येत होते.

यावर पहिला उपाय म्हणून ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांची कामे एकत्र जोडणारी सॉफ्टवेअर यंत्रणा, घेण्यात आली होती. एका ओळखीच्या कारखान्यात ती चालते, एवढ्यावर निर्णय झाला. सहा महिन्यांनी तिचा उपयोग एवढाच उरला, की संध्याकाळी साडेपाचनंतर एक मुलगा दिवसभराचे कागद समोर घेऊन ते संगणकात भरत असे. काम आधी होई, नोंद नंतर. त्यामुळे पडद्यावरचा स्टॉक कायम कालचा असे आणि सुपरवायझर तो न बघता रॅकपाशी जाऊन डोळ्यांनी मोजत असे. दोष सॉफ्टवेअरचा फारसा नव्हता. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये नोंदवून ठेवले होते, की संस्थेतली माणसे एकमेकांशी जशी बोलतात तशीच त्यांनी रचलेल्या यंत्रणेची ठेवण होते. येथे सगळे बोलणे मालकाशी होत होते. ईआरपीने मात्र स्टोअर, प्लॅनिंग, क्वालिटी आणि अकाउंट्स हे विभाग परस्परांशी बोलतात असे गृहीत धरले होते. तसे विभाग दारांवरच्या पाट्यांपुरतेच होते.

मग एक सल्लागार बोलावला गेला. काम सुरू झाले तेव्हा त्याने सॉफ्टवेअरला हात लावला नाही. कारखान्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाणारे वाक्य होते, "साहेबांना विचारून सांगतो." पहिल्या दिवशी त्या वाक्यासाठी वहीत टिंबे मारायला सुरुवात झाली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पान भरले. कोणते टूल लावायचे, कोणती लॉट आधी घ्यायची, प्लेटिंगवाल्याकडे आज माल पाठवायचा का, ओव्हरटाइम द्यायचा का, ०.०२ मिमीने जास्त आलेला बोअर पास करायचा का, सगळे प्रश्न एकाच माणसाकडे जात. पंधरा माणसे असताना ही पद्धत उत्तम चालली होती, किंबहुना त्याच चपळाईवर धंदा वाढला होता. चाळीस माणसांवर तोच माणूस खिंड झाला.

त्यानंतर एका ऑर्डरचा पाठलाग करण्यात आला. चौकशीच्या ईमेलपासून बँकेत पैसे जमा होईपर्यंत तो कागद जिथे जिथे गेला तिथे सल्लागारही गेला आणि त्या वाटेचा नकाशा काढत राहिला. ड्रॉइंगची प्रिंट, मालकाने हाताने लिहिलेले कोटेशन, परचेस ऑर्डर, व्हॉट्सॲपवर आलेले शेड्यूल, गेटवरचे इनवर्ड रजिस्टर, कटिंग, सीएनसी, व्हीएमसी, बाहेरचे प्लेटिंग, फायनल इन्स्पेक्शन, पॅकिंग, टॅलीतले बिल, ग्राहकाच्या पोर्टलवर माल निघाल्याची सूचना म्हणजे एएसएन, माल मिळाल्याची तिकडची नोंद म्हणजे जीआरएन आणि शेवटी पेमेंट. आयएसओ ९००१ च्या फाइलमध्ये या प्रवासाचे एक सुबक चित्र आधीपासून होते. ते ऑडिटच्या आदल्या दिवशी कपाटातून बाहेर येई आणि ऑडिटरची गाडी गेटबाहेर पडली की परत आत जाई. त्यातले बाण प्रत्यक्ष बाणांशी फारसे जुळत नव्हते. उदाहरणार्थ, शेड्यूल त्या चित्रात मार्केटिंगकडून प्लॅनिंगकडे जात होते. प्रत्यक्षात ते मालकाच्या फोनवर येई आणि तो कारखान्यात असेल तर ओरडून, नसेल तर फोटो पाठवून खाली पोहोचे.

या पाठलागात सापडलेली सर्वांत साधी आणि सर्वांत महागडी गोष्ट म्हणजे एका पार्टची चार नावे. ग्राहकाच्या परचेस ऑर्डरवर दहा आकडी पार्ट नंबर आणि त्यापुढे ड्रॉइंगचा रिव्हिजन. टॅलीमध्ये अकाउंटंटने स्वतःच्या सोयीने ठेवलेले नाव, त्यात रिव्हिजनचा पत्ताच नाही. शॉपवर तो 'मोठा फ्लँज'. स्टोअर सांभाळणारे काका त्याला 'निळ्या क्रेटवाला' म्हणत, कारण सुरुवातीला तो निळ्या क्रेटमध्ये जात असे; क्रेट बदलून दोन वर्षे झाली तरी नाव टिकून होते. ही चार नावे एकाच वस्तूची आहेत हे ज्याला ठाऊक होते असा माणूस पुन्हा एकच, मालक. मध्यंतरी ग्राहकाने एका भोकाचा व्यास बदलून नवे ड्रॉइंग पाठवले होते. बिल नव्या रिव्हिजनचे झाले, मशिनवर जुनी प्रिंट चिकटवलेली राहिली, आणि पूर्ण लॉट परत आली. त्या रिजेक्शनचे खापर ऑपरेटरवर फुटले होते. नकाशा पाहिल्यावर दिसले, की नवे ड्रॉइंग आले हे ऑपरेटरला कळण्याची वाटच कारखान्यात नव्हती.

उपाय सॉफ्टवेअरचा नव्हता. एक यादी झाली. ग्राहकाचा पार्ट नंबर आणि रिव्हिजन हेच खरे नाव, बाकीची नावे त्याच्या शेजारच्या रकान्यांत. टोपणनावे पुसून टाकण्याचा आग्रह आधी धरला गेला होता आणि तो आठवडाभरात फसला. माणसे 'मोठा फ्लँज'च म्हणत राहिली, फक्त आता ते चोरून म्हणावे लागे. मग 'मोठा फ्लँज' यादीतच घेतला गेला आणि भांडण मिटले. यादी बदलण्याचा अधिकार क्वालिटी बघणाऱ्या एकट्या मुलीकडे गेला. नवे ड्रॉइंग आले की जुनी प्रिंट मशिनवरून काढून तिच्याकडे जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही, असा नियम झाला. पाठ्यपुस्तकात याला मास्टर डेटाचे व्यवस्थापन म्हणतात.

दुसरी तुटलेली जागा अधिक खोल होती, कारण ती नफ्याशी जोडलेली होती. कोटेशन मालक स्वतः देत असे. ड्रॉइंग हातात घेऊन दोन मिनिटे बघायचे, मनाशी आकडेमोड करायची आणि भाव सांगायचा. त्याचा अंदाज चुकीचा नव्हता, फक्त जुना झाला होता. मशिनचा ताशी दर ६०० रुपये आहे आणि एका नगाचा सायकल टाइम चार मिनिटे, म्हणजे २४० सेकंद आहे असे धरू. सेटिंगला दीड तास लागतो. लॉट ३०० नगांची असेल तर सेटिंगचे ५,४०० सेकंद वाटून प्रत्येक नगावर १८ सेकंद येतात. एकूण २५८ सेकंद, म्हणजे ४३ रुपये. तीच लॉट ५० नगांची झाली की प्रत्येक नगावर सेटिंगचे १०८ सेकंद चढतात. एकूण ३४८ सेकंद, म्हणजे ५८ रुपये. भाव ठरताना ग्राहकाने मोठ्या लॉटची भाषा केलेली असे. पुढे साठा कमी ठेवण्याच्या धोरणात तो आठवड्याला पन्नास-पन्नास नग मागू लागला. पार्ट तोच, भाव तोच, मशिन तेच. प्रत्येक नगामागे पंधरा रुपये मात्र निघून जात होते. आणि काम वाढले म्हणून कारखाना खुश होता.

सेटिंगला किती वेळ लागला हे जॉब कार्डवर लिहिण्याची जागा होती. ती भरलीही जात असे. पण जॉब कार्ड लॉट संपल्यावर गठ्ठ्यात जाई, गठ्ठा पोत्यात, आणि पोते माळ्यावर. माहिती तयार होत होती, कोटेशन देणाऱ्या टेबलापर्यंत ती पोहोचत नव्हती, एवढाच दोष. नकाशावर या दोन चौकोनांमध्ये बाण नव्हता. तो काढल्यावर दर शनिवारी सुपरवायझर जॉब कार्डांवरचे सेटिंगचे आणि सायकलचे आकडे एका शीटमध्ये भरू लागला, आणि कोटेशनच्या शीटमध्ये भावापुढे लॉटचा आकार लिहिणे सक्तीचे झाले. ३०० नगांचा भाव आणि ५० नगांचा भाव असे दोन आकडे ग्राहकाला जाऊ लागले. काही ग्राहकांनी ते मान्य केले, एकाने काम काढून घेतले. मालकाला ते लागले. पुढे शीट बघताना, निघून गेलेल्या त्या पार्टवर आपण काय कमावत होतो हे त्याला दिसले आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

कागदांचा तिसरा गुंता जॉबवर्कचा. बाहेर प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला गेलेला माल जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे एका वर्षात परत यावा लागतो. नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला गेला असे धरले जाते. पाच कोटींवरच्या उलाढालीला त्याचे आयटीसी-०४ विवरण सहामाही भरावे लागते. कारखान्यात चलनबुक होते, पण परत आलेला माल नगांवर मोजायचा की किलोवर, यावर एकमत नव्हते. माल नगांवर जाई, प्लेटिंगवाला वजनावर परत पाठवी, आणि फरक 'समजून घेतला' जाई. विवरण भरायची वेळ आली की अकाउंटंट आणि स्टोअरचे काका यांचा दोन दिवस वाद चाले. येथेही चलनावर एकच एकक आणि परतीच्या मालावर मूळ चलनाचा क्रमांक, एवढे पुरले.

बिलाची कथा वेगळी. तोच पार्ट नंबर, तीच संख्या आणि तोच दर टॅलीत भरायचा, मग ग्राहकाच्या पोर्टलवर एएसएनसाठी, आणि ई-वे बिल लागत असेल तर त्यासाठीही वेगळा टाइप करायचा, अशी सवय होती. गाडी भरून गेटवर उभी आणि आत तिसऱ्यांदा टायपिंग, हे रोजचे दृश्य होते. खरे तर ई-इन्व्हॉइस झाला की त्याच माहितीतून ई-वे बिल काढता येते. ही सोय वापरात असलेल्या टॅलीतच होती, पण जुन्या सवयीला ती कुणी दाखवलीच नव्हती. नवे काही विकत घेण्याआधी हातात आहे त्याची यादी करावी, या मताला अशा वेळी बळ मिळते.

पेमेंटच्या टोकाला कायदा लघुउद्योगाच्या बाजूने आहे, पण तो तारखा मागतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. आयकर कायद्यातील तरतुदीमुळे अशी थकबाकी ठेवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. ४५ दिवस मोजायचे कधीपासून, हे माल स्वीकारल्याच्या तारखेवर ठरते आणि ती तारीख ग्राहकाच्या पोर्टलवर असते. कारखान्यात कुणी ती उतरवून ठेवत नव्हते. वसुली बिलाच्या तारखेवरून आणि मालकाच्या आठवणीवरून चाले. शिवाय कारखान्याचा प्लेटिंगवाला स्वतः सूक्ष्म उद्योग होता आणि त्याचे पैसे कारखान्याकडे तीन-तीन महिने थकत. मोठ्या ग्राहकाविरुद्धची जी तक्रार भोसरीत सगळीकडे ऐकू येते, तीच तक्रार या कारखान्याविरुद्ध दोन गल्ल्या सोडून पलीकडे चालू होती. नकाशावर पैशाचे बाण काढले तेव्हा हे पहिल्यांदा एकाच कागदावर आले.

एवढे झाल्यावर निर्णयांची वाटणी झाली, आणि हा भाग सर्वांत हळू गेला. टिंबांच्या पानावरचे प्रश्न तीन गटांत पडले. सुपरवायझरने जागेवर ठरवायचे, क्वालिटीने ठरवायचे आणि साहेबांनाच विचारायचे. शेवटच्या गटात भाव, नवी मशिनखरेदी, नवा ग्राहक आणि माणसे घेणे-काढणे एवढेच उरावे असे ठरले. कागदावर ते लगेच उरले. प्रत्यक्षात मालक शॉपवरून चालत जाताना टूल बदलायला सांगायचा थांबायला कित्येक महिने गेले, आणि सुपरवायझरला न विचारता ठरवण्याचा धीर यायला त्याहून जास्त. ज्याने आयुष्यभर मशिनचे ऑफसेट स्वतः टाकले त्याला दुसऱ्याने टाकलेला ऑफसेट पाहवत नाही. यावर कोणत्याही चौकटीत उत्तर नाही.

मोठ्या चौकटींतून एकच कल्पना जशीच्या तशी उपयोगी पडली. जीन रॉस, पीटर वाइल आणि डेव्हिड रॉबर्टसन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात व्यवसायापुढे दोन प्रश्न ठेवले. वेगवेगळ्या शाखांनी काम एकाच पद्धतीने करायचे का, आणि माहिती सामाईक ठेवायची का? दोन्हींची उत्तरे 'नाही' आली तर शाखा एकमेकींपासून मोकळ्या, दोन्ही 'हो' आली तर सगळे एकजीव. मध्ये पद्धत सारखी पण कारभार स्वतंत्र, किंवा कारभार वेगळा पण माहिती एक, अशा दोन वाटा. कारखान्याने चाकणला दुसरी शेड घेतली आणि ती मालकाच्या मेहुण्याकडे द्यायचे ठरले, तेव्हा हा प्रश्न पुस्तकातून थेट टेबलावर आला. घरात चर्चा 'कोण बघणार' एवढीच होत होती. 'कोणत्या पद्धतीने बघणार' हा प्रश्न कुणी काढला नव्हता. अखेर पार्टची यादी, खरेदी, टूलचा साठा आणि कोटेशन एकच ठेवायचे, रोजचे प्लॅनिंग आणि माणसे ज्या त्या शेडची, असे ठरले. एकाच राज्यात असल्यामुळे चाकणची शेड त्याच जीएसटी नोंदणीत अतिरिक्त जागा म्हणून जोडता आली. दोन शेडमधला माल बिलाशिवाय, डिलिव्हरी चलनावर फिरू लागला आणि महाराष्ट्रातल्या एक लाखाच्या मर्यादेवर गेला तर त्याला ई-वे बिल लागू लागले. मेहुण्याला वेगळे टॅली हवे होते, ते मिळाले नाही. त्याची नाराजी पुढचे काही सण पुरली.

ईआरपी याच सुमारास पुन्हा उघडली गेली, यावेळी फक्त स्टोअर आणि जॉबवर्क या दोन भागांसाठी. यादी तयार होती, त्यामुळे माहिती भरण्याचे काम थोडक्यात झाले. प्लॅनिंग फळ्यावरच राहिले. शेड्यूल दिवसातून दोनदा बदलणाऱ्या कारखान्यात खडू आणि फडके यांच्याइतका झटपट पडदा अजून मिळालेला नाही.

चाकणची मशिने सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात सेटिंगचे आकडे बिघडले. एका पार्टचा सेटिंग टाइम अचानक निम्मा दिसू लागला आणि त्यावरून एक कोटेशन कमी भावाने जाता जाता राहिले. शोध घेतला तेव्हा कळले, की भोसरीतली मशिने १ ते ११ अशी रंगवलेली होती आणि चाकणलाही मेहुण्याने १ पासूनच आकडे घातले होते. शनिवारच्या शीटमध्ये दोन्ही शेडमधले 'मशिन ३' एकाच ओळीत जमा होत होते. पुढच्या गुरुवारी, भोसरीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, रंगारी बोलावून प्रत्येक मशिनच्या आकड्याआधी 'भो' आणि 'चा' ही अक्षरे घालून घेतली गेली. स्टोअरचे काका ते बघायला सुट्टी असूनही आले होते. निळ्या क्रेटच्या रॅकवर पार्ट नंबरही रंगवून घ्यावा, असे त्यांनीच रंगाऱ्याला सुचवले.